शाफ्टचा तडा

प्रिय धाकट्या,

आई सांगते, तू तिचा फोन घेतोस, पण माझं नाव निघालं की तुला लगेच काहीतरी काम आठवतं. म्हणून लिहायला बसले. रागावलेला राहा हवं तर, पण शेवटपर्यंत वाच.

काल टर्बाइन उघडलं. चाकं उतरवली तेव्हा एका चाकाखाली शाफ्टला तडा सापडला, चांगला खोल. चाक न उतरवता तो कुणालाच दिसला नसता. तुझ्या बॅलन्सिंगचा काडीचाही संबंध नाही, तू लावलेली वजनं जिथल्या तिथे आहेत. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. तुला ‘अर्धवट’ म्हणणारा फोरमन पान्हे पुसत बसला होता, त्याने मान वर केली नाही.

तू वजनं लावलीस त्या दुरुस्तीनंतर मशीन पहिल्यांदा सुरू केलं, त्या सकाळचं तुला माहीत नसलेलं सांगते. वेग वाढताना मध्ये एका टप्प्यावर शाफ्ट थरथरतोच. तो टप्पा आम्ही झपाट्याने ओलांडला, कंपन उतरलं आणि कंट्रोल रूममध्ये तुझ्या नावाने टाळ्या वाजल्या. मला काय वाटलं असेल! मग आकडा पुन्हा हळूहळू चढायला लागला. गव्हर्नरच्या यंत्रणेने वेग पक्का धरून ठेवला होता, वाफ स्थिर होती, तरी कंपन वाढतच होतं. धोक्याची रेषा अजून लांब होती. साहेब म्हणाले, “बाई, घाई नको. मशीन तापतंय, बसेल आपोआप.” आणि मी बंद करायचं बटण दाबलं.

तू धापा टाकत वर आलास. “ताई, एवढाच विश्वास माझ्यावर?” म्हणालास आणि जेवणाचा डबा तिथेच टाकून गेलास.

आता सगळे माझी पाठ थोपटतायत. बाईंनी आकड्यांवरून तडा ओळखला म्हणे! तडा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. साहेबांचं मला पटलं होतं, मी बटण न दाबता थांबणारच होते. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर तू दिसलास, बेअरिंगला तळहात लावून वाकलेला. मग मला धीर धरवेना. तिथे दुसरं कुणी असतं तर मी थांबले असते रे, शाफ्ट तुटला असता आणि तो माणूस बहुधा जिवंत घरी गेला नसता. सोमवारी चौकशीत हे असंच सांगणार आहे. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आज लिहिलं.

तुझीच,
ताई