बिनसाखरेच्या निळ्या नळ्या

ता. ३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी होणारी सून माझ्याच प्रयोगशाळेत काम करते, म्हणून आधी तुलाच लिहितो. आमच्या जीवाणूंना दुधातली साखर मिळाली, तरच ते ती फोडणारं एंझाइम बनवतात आणि नळीतलं पाणी निळं होतं. साखर नसेल तर ढिम्म बसतात. मग हल्ली बिनसाखरेच्या नळ्याही निळ्या कशा होतात? नक्की कुणीतरी चिमूटभर टाकतंय. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. माझा शोधनिबंध बुडाला की तिचा पुढे जाणार! विचारलं तर म्हणते, मी हातही लावला नाही. मला नाही पटलं. सोमवारी आमच्या प्रमुख बाईंच्या कानावर घालतो. तू लग्नाचं जरा थांबव.

तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

धाकटा

ता. ७ मार्च

चि. शंकासुरास, अ. उ. आ.

लहानपणी साय खाल्ली मांजरीनं आणि आठवडाभर अबोला माझ्याशी, तोच ना तू? अरे, तिला टाकताना पाहिलंस का? ती नसताना एकदा करून बघ, मग तोंड उघड. पण खरं सांगते, तुझ्या पत्रानं माझ्याही मनात पाल चुकचुकली. काल ती आली आणि मी कपाटाची किल्ली कमरेला खोचली. तिनं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जपून राहा, माया आहेच.

ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी बाईंना सांगून बसलो होतो. त्यांनी तिची किल्ली काढून घेतली, तिला घरी बसवलं. मग सगळं मी एकट्यानं केलं, दाराला कुलूप लावून. तरी नळ्या निळ्याच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जीवाणूंना खायला घालतो ती भुकटी दुधाच्या प्रथिनांपासून करतात. नव्या डब्यातल्या भुकटीत त्या साखरेचा अंश राहून गेला होता. तो डबा मीच फोडला होता गं! बाईंना सगळं सांगून तिची किल्ली परत दिली, माफी मागितली. असू दे सर, म्हणाली. फार लाज वाटते. लग्न अडवू नकोस.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

लग्न ठरल्या दिवशीच होईल. तिनं आपल्या दोघांनाही माफ केलं म्हणे, आणि रागावलेली दिसतही नाही. काल स्वयंपाकात मदतीला आली होती. भाजीत मीठ घालायची वेळ आली, तर चमचा हातात धरून तशीच थांबली आणि मला हाक मारली. काकू, जरा इथे उभ्या राहाल का, म्हणाली. अगं, कशाला, म्हटलं. तर म्हणाली, राहा ना, तुम्ही बघितलेलं बरं.

लोभ असू दे, पण आधी तिच्यावर.

ताई