होडीवाले

तुंगिंबाक, ५ जून १९८६

ती. सापियाआत्यास कोलांगचा सा. न. वि. वि.,

परवा यामेना बाराव्या शब्दावर अडली आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

कॉलेज का सोडलं म्हणून तू झापलंस. तिच्यासाठीच सोडलं. इथे शाळेच्या मास्तरांनी आपल्या भाषेचे आवाज टेप करायला सांगितलं. ओठ थरथरवून काढायची ती फुरफुर आता चारपाच म्हातारे आणि आजीपाशी वाढलेली यामेना, एवढ्यांनाच जमते. माझे ओठ मदांगच्या कॉलेज-होस्टेलात बोथट झाले.

फुरफुरीचे अकरा शब्द तिने झरझर म्हटले. बारावं बाबांचं नाव. आठवतं? वळणावर होडी आली की बाबा स्वतःचंच नाव पाण्यावरून फुरफुरवत यायचे आणि आई साबूची पोळी भाजायला टाकायची. ते गेल्यापासून ते नाव तसं कानी पडलं नाही. एकदा ऐकायचं होतं गं. तर ही नाव घ्यायचं सोडून खाली बघून म्हणते, ‘ते होडीवाले’. तीनदा विचारलं, तीनदा तेच! तुला अंगोरामच्या दुकानदाराचं स्थळ आलं म्हणून आमची नावंही जड झाली का, असं मी मास्तरांसमोरच ओरडलो आणि टेप भिरकावली. ती उठून गेली. पंधराला त्या दुकानदाराची माणसं लग्न पक्कं करायला येताहेत. त्याच दिवशी मी गाव सोडतो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
कोलांग

वेवाक, १० जून

चि. कोलांग यास,

आशीर्वाद नंतर, आधी एक चपराक. गाढवा, तुझ्या आईने माझ्या बापाचं नाव कधी घेतलं होतं? होणारी सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही, तो गेला तरी नाही. पोरीने मास्तरांदेखत तुला होकार दिला आणि तू टेप फेकलीस! नाव टेपवर माझ्याकडून भरून घे. मी त्याची बहीण आहे, मला चालतं. दात पडलेत, थुंकी उडेल, एवढंच. पण लग्नाचा शब्द मामाचा, आधी तिच्या मामाला गाठ.

तुझी आत्या

तुंगिंबाक, १४ जून

ती. आत्यास,

पत्र आत्ताच बोटीने आलं. मास्तर म्हणाले, त्यांना त्याच दिवशी उमगलं होतं, पण माझ्यापुढे बोलणार कोण! त्यांनी उचलून ठेवलेली टेप लावली. अकरा शब्द, तीनदा होडीवाले, मग माझी बोंबाबोंब. तिसऱ्या वेळी ती हसतेय गं.

बाबांचं नाव तिच्या तोंडून या जन्मी ऐकायला मिळणार नाही. ते ऐकायला तुझ्याकडेच येऊ, दोघं.

मामा घरी जाळं विणत बसलेत. बाबांचं वल्हं घेतलंय. पत्र मेजावर ठेवतो, मास्तर बोटीवर देतील. उद्या ती माणसं यायच्या आत मागणी घालायला निघालो. दार ओढून घेतो.

कोलांग