साडेतीन मिनिटांचं वाक्य

३ मार्च १९८६, सोमवार

वह्या हव्यात म्हणे! सकाळी तूरिनहून तेआल्दीचा फोन. हा प्रकाशकाचा संपादक, वय तिशीचं, उत्साह नुसता उतू चाललेला. माझ्या जुन्या बातमीपत्रांचं पुस्तक शरदात काढायचं नक्की झालं. डाव्या पानावर माझ्या वहीतल्या हस्ताक्षराचा फोटो, उजव्या पानावर पेपरात छापलेला मजकूर. "कनेस्सांचं वाक्य जन्माला कसं येतं, ते लोकांना दिसू दे," म्हणाला.

हो म्हणून बसलो. सहासष्टाव्या वर्षी कुणी पुस्तक काढतो म्हटल्यावर नाही कोण म्हणेल! बायको, झीता, फोकाच्चा पावाचा तुकडा दुधाच्या कॉफीत बुडवून खात होती. म्हणाली, "वह्या तळघरात आहेत. तुझ्या तूच आण, माझे गुडघे गेलेत."

४ मार्च

तळघराच्या दोन फेऱ्या. बेचाळीस वह्या. पाठ धरली. आज एकही उघडत नाही.

६ मार्च, गुरुवार

आज छप्पन सालची उघडली. बेल्जियमची. कोळशाच्या खाणीला आग लागली होती, आपली इटलीची माणसं आत होती, आणि जेनोव्हाच्या आमच्या पेपराने मला पाठवलं होतं. तोवर मी नुसता कोर्टाच्या बातम्या करणारा. गोदीतल्या हमालाचा पोरगा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. त्या एका बातमीपत्राने मी 'कनेस्सा' झालो. त्यातल्या तीन ओळी शाळेच्या पुस्तकात गेल्या. "बायका फाटकाशी उभ्या आहेत. कुणी रडत नाही. नवऱ्यांचे जेवणाचे डबे त्यांनी बरोबर आणले आहेत." लोक अजून बसमध्ये म्हणून दाखवतात मला.

वहीत त्या ओळी नाहीत.

वहीत अकरा ओळींचं एक वाक्य आहे. "नियतीच्या त्या निष्ठुर फाटकापाशी, ज्याच्या पलीकडे मायभूमीच्या दुर्दैवी पुत्रांना वसुंधरेने आपल्या कराल जबड्यात —" पुढे वाचवेना. क्रियापद सापडेपर्यंत माणसाला धाप लागते. डब्यांचा कुठे पत्ताच नाही. वही चाळली, मागून पुढून, समासातसुद्धा पाहिलं. नाहीत.

मग एकसष्टची पाहिली, आर्जेंटिनाची. मग अडुसष्टची, भूकंपाची. प्रत्येक वहीत तेच! कीर्तनकार बरा, असा मी. आणि छापलेलं मात्र स्वच्छ, तोडून तोडून, जिथल्या तिथे.

या दोहोंच्या मध्ये एकच माणूस होतं. इरिदे ओल्चेसे. पेपरातली लघुलेखिका. आम्ही बाहेरून ट्रंक कॉल लावायचो, वहीतलं वाचून दाखवायचो, ती कानाला हेडफोन लावून उतरवून घ्यायची, टाइप करून खाली छपाईला द्यायची. एकतीस वर्षं. छापून आलेलं मी कधी वहीशी ताडून पाहिलं नाही. कोण पाहतं? परत येईपर्यंत ते जुनं झालेलं असायचं. वाचायचो आणि वाटायचं, वा, जमलंय बुवा.

जेवलो नाही.

७ मार्च

तेआल्दीला फोन केला. वह्या सत्तरच्या पुरात भिजल्या म्हणून सांगितलं. "सगळ्या?" "सगळ्या." किती सहज खोटं बोललो! पोरगा बिचारा हळहळला. मग म्हणाला, हस्ताक्षर नाही तर नाही, निदान प्रस्तावना तरी लिहा. लिहायला कसं शिकलात ते सांगा. तेच मागायचं राहिलं होतं!

झीता स्वयंपाकघरातून ऐकत होती. "तळघरात पाणी कधी शिरलं?" एवढंच म्हणाली. मी तिला वही दाखवली. उभ्याउभ्या तिने अर्धं पान वाचलं. "मी सांगितलं असतं आधीच, तू विचारलं असतंस तर," म्हणाली. "घरात चाळीस वर्षांत तू एक वाक्य धड संपवलेलं मी ऐकलं नाही."

माझ्या दोन कादंबऱ्या आठवल्या. दोन्ही पडल्या, दणकून. तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं, पत्रकार कनेस्सा आणि कादंबरीकार कनेस्सा हे दोन वेगळे इसम असावेत. त्याच्या नावाने मी आठवडाभर बोटं मोडली होती. कादंबऱ्या मी घरी बसून लिहिल्या होत्या, फोन न करता.

८ मार्च, शनिवार

गेलो एकदाचा. गावातल्या सार्वजनिक लिफ्टने वर टेकडीवरच्या कास्तेल्लेत्तो वस्तीत, तिथून तीन गल्ल्या. आज बायकांचा दिवस, जो तो पुरुष हातात मिमोझाची पिवळी डहाळी घेऊन निघालेला. मीही घेतली. तिने दार उघडलं, फुलांकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत आजच आठवण झाली?" म्हणाली. निवृत्तीला चार वर्षं झाली तिच्या. केस पांढरे, पाठ ताठ. डाव्या कानाने ऐकू येत नाही. हेडफोनचा कान तो. मला उजवीकडे बसवलं.

आमचं कायम अहो-जाहो. फोनवरसुद्धा. एकमेकांच्या घरी आजवर गेलो नव्हतो.

वही पुढे केली. तिने चष्मा लावला, वाचलं, हसू दाबलं. ते दाबलेलं हसू मला फार लागलं.

"तुम्ही बदलायचात?" मी म्हटलं.

"सिन्योर कनेस्सा, ट्रंक कॉल तीन मिनिटांनी तुटायचा. तुमचं वाक्य साडेतीन मिनिटांचं. अर्ध्यावरून पुढे मला काहीतरी लिहावं लागणारच की."

"आणि जेव्हा तुटत नव्हता तेव्हा?"

"तोवर सवय लागली होती."

मी म्हटलं, डबे कुठून आणलेत? वहीत डबे नाहीत. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मलाच वेड लागलंय. "डबे तुम्हीच सांगितलेत. वाचून झालं, मी विचारलं, आणखी काय दिसतंय? मी नेहमी विचारायची. तर तुम्ही म्हणालात, काही नाही हो, बायका उभ्या आहेत, डबे घेऊन आल्यात, आता कोण खाणार ते. आणि फोनवर रडायला लागलात. मी म्हटलं, बायका रडताहेत का? तुम्ही म्हणालात, नाही, कुणीच नाही. मग मी तेवढंच लिहिलं. तुमचं रडणं गाळलं."

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. तीस वर्षं मी शाळाशाळांतून त्या ओळींवर भाषणं दिली, आणि त्या क्षणी मी रडत होतो हेच मला माहीत नाही.

म्हटलं, पुस्तकावर तुमचं नाव यायला हवं. तशी ती चिडली, खरोखर चिडली. "मी ते फाटक पाहिलं का? मी जेनोव्हात, खुर्चीवर, पायाखाली शेगडी. तुम्ही उभे होता तिथे धुरात. आता या वयात लोक येऊन मला विचारणार, बाई तुम्ही लिहीत होता तर गप्प का बसलात? मी काय सांगू त्यांना? मी गप्प बसले नव्हते, मी काम करत होते."

कॉफी दिली. निघताना म्हणाली, "झीताबाईंना नमस्कार सांगा. चांगल्या आहेत त्या, फोनवर थोडक्यात बोलतात."

१० मार्च

प्रस्तावना. चार कागद फाडले.

११ मार्च

सात.

१४ मार्च, शुक्रवार

हात टेकले. सकाळी दहाला इरिदेला फोन लावला. म्हटलं, सिन्योरिना, एक मजकूर घ्यायचाय. पलीकडून कागदाचा आवाज आला, आणि तो जुना आवाज, "सांगा, मी तयार आहे."

बापाबद्दल सांगितलं, गोदीबद्दल, कोर्टाबद्दल. मग बेल्जियम. मग तो परिच्छेद. वह्या कोरड्या आहेत, मी खोटं बोललो, आणि ज्या वाक्यांबद्दल लोक मला मानतात ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली, तिचं नाव इरिदे ओल्चेसे. एका दमात बोललो. मधे थांबलो असतो तर बोललोच नसतो.

"आणखी काही दिसतंय?" तिने विचारलं.

"नाही. दमलो मी."

"टाइप करून आजच तूरिनला टाकते," म्हणाली, आणि ठेवला.

दुपारी झोप लागली. किती दिवसांनी!

२ एप्रिल, बुधवार

तपासून सही करायला मुद्रितं आली. प्रस्तावना सुरेख आहे. बाप आहे, गोदी आहे, बेल्जियम आहे, सगळं तोडून तोडून, जिथल्या तिथे. तिच्याबद्दलचा परिच्छेद नाही.

आधी, खरं सांगतो, सुटलो, असंच वाटलं. मी सांगितलं होतं, ती गाळते त्याला मी काय करू? तासभर ही गोष्ट स्वतःला पटवत बसलो. तासाभराने लाज वाटली. मग फोन केला.

"सिन्योरिना, तो भाग कुठे गेला?"

"फोन तुटला असेल."

"गावातल्या गावात?"

"माझा डावा कान गेलाय, सांगितलं ना तुम्हाला." मग म्हणाली, "त्याच्याशिवाय बरं वाचलं जातंय. बघा तुम्हीच."

बरं वाचलं जातंय, हे खरं आहे. तेच तर!

३ एप्रिल

दिवसभर मुद्रितासमोर. तेआल्दीला सोमवारपर्यंत सही करून हवंय. सही केली की झालं, जन्मभर जसं चाललं तसं. इरिदेलाही तेच हवंय, मग मी कुठला शहाणा? झीताला हेच विचारलं. ती मटार सोलत होती. "तिला नको आहे म्हणून नको, की तुला नको आहे म्हणून नको, ते आधी ठरव," म्हणाली, आणि टोपली घेऊन आत गेली.

४ एप्रिल, शुक्रवार

गाळलेला परिच्छेद मुद्रिताच्या समासात शाईने परत लिहिला. माझ्याच हाताने, कुणाला न वाचून दाखवता. फार लांब झाला. मधेच पूर शिरला, मधेच माफी मागितली, क्रियापद कुठेतरी हरवलं. नीट करायला गेलो तर आणखी बिघडलं. तसाच ठेवला. तिचं नाव मात्र दोनदा लिहिलं, सुवाच्य. झीताने पाकीट चिकटवलं. पोस्टात जाऊन टाकून आलो.

९ एप्रिल

तेआल्दीचा फोन. शेवटचा परिच्छेद कनेस्सांचा वाटत नाही, कुणी घुसडलाय का, गाळू का, म्हणून विचारत होता. म्हटलं, नको गाळूस, तेवढाच माझा आहे.