ओढ्यावरचं सील

४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

कालच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो आणि त्याखाली तुझं वाक्य वाचलं, म्हणून हे पत्र. नाहीतर तुला लिहिणं मी केव्हाच सोडलं होतं. घरच्यापुरती, कारखान्यापुरती वीज करणाऱ्याला आता परवाना नको, एका पानाचं सूचनापत्र पुरे, हा नियम तू करून घेतलास म्हणे. वर म्हणालास, सामान्य माणसाची अडवणूक तुला कधीच बघवली नाही. माझ्या हातातला चहा सांडला.

ह्यांनी लाकूड कातायचं लेथ चालवायला मागच्या ओढ्यावर वीज करणारं चाक बसवलं, तेव्हा परवाना अधिकारी तूच होतास. ह्यांनी अर्जात लिहिलं, ‘उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो.’ तू शेरा मारलास, ‘वीजप्रवाह अस्थिर, सबब धोकादायक.’ आणि चाकाला सील ठोकून गेलास. ज्या ओढ्यात पोहायला शिकलास, त्याचा प्रवाह तुला कळला नाही? हे शेवटपर्यंत पायाने लेथ मारत राहिले. आता कारखाना लेक चालवते. तिचेही गुडघे कुरकुरायला लागलेत. सील काढ.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे छडी घेतलेल्या बाईच समोर! त्या शेऱ्यात टंकलेखकाने घोळ घातला असणार. जुनं किती उगाळायचं?

उलट मला एक झकास कल्पना सुचली आहे. नव्या नियमाखाली पहिलं चाक तुझंच फिरवू. संचालकसाहेब येतील, पत्रकार येतील, सील मी स्वतः तोडीन. निवृत्तीनंतर सल्लागार समितीवर जायचं घाटतंय, तेही पक्कं होईल. दाजी असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं. यंत्र ठीकठाक आहे ना, तेवढं कळव. भाचीला सांग, मामा येतोय, तोंड फुगवून बसू नकोस.

तुझा धाकटा,
ओरडा खाऊनही तुझाच

१५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

टंकलेखकावर ढकलू नकोस. शेरा शाईने लिहिलेला आहे आणि ती वेलांटी मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती.

यंत्राचं विचारलंस. तू सोडून गेलास तसंच आहे. सीलबंद यंत्रास हात लावणे गुन्हा, असा कागद तूच दारावर चिकटवला होतास. आम्ही कायदा पाळणारी माणसं. ना कुणी पुसलं, ना तेल घातलं. पाहुण्यांना खुशाल आण, खुर्च्या मांडते. मात्र हे पत्र नीट वाच. वाचण्यात घोळ घालायची तुझी जुनी खोड आहे.

माया आहे. सध्या बाजूला ठेवली आहे.
ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कारही लिहीत नाही. असं करतात का सख्ख्या भावाशी? सील तोडलं, पाणी अडवणारी फळी उचलली, पाणी धो धो आलं आणि चाक ढिम्म! साहेब विचारतात, वीज कुठाय? मी हाताने चाक ढकलायला गेलो आणि कोट शेवाळाने बरबटला. नेमका तोच फोटो छापून आला. समितीचं नाव आता कुणी काढत नाही. बेअरिंग गंजलंय हे तुला ठाऊक होतं. एका शब्दाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तुझा भाऊ,
कोणत्या तोंडाने म्हणू

१ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

सांगितलं होतं. लेखी.

नवं बेअरिंग आणून ठेवलंच होतं. तुमच्या गाड्या वळल्या आणि लेकीने ते बसवलं. तेव्हापासून चाक फिरतंय. सूचनापत्र तिने आदल्याच दिवशी दिलं होतं; एका पानाचं, कुणी काही विचारलं नाही. नियम चांगला केलास, एवढं कबूल. ह्यांच्या हयातीत केला असतास तर तुझा कोट वाचला असता.

लेथ चालू असलं की घरभर घुमतं. मी दार उघडंच ठेवते.

ताई

हे पत्र नेणाऱ्याच्या हाती दिलं: तुटलेलं सील तारेसह, एक. गंजलेलं बेअरिंग, एक. पोच स्वतःच्या अक्षरात द्यावी, टंकलेखकाकडून नको.