बाण नसलेला चौकोन

३ जून
आजपासून अग्निशमन खात्याचा एंटरप्राइज आर्किटेक्ट मी, म्हणजे कुठली सिस्टिम कुठल्या कामाची ते ठरवणारा! खात्यात अठरा कॉम्प्युटर सिस्टिम, आणि कुठली कशासाठी घेतली ते कुणालाच सांगता येत नाही. सगळा आंधळा कारभार. महिन्याभरात सरळ करतो. मग केबिन, आणि सासुरवाडीत मान.

११ जून
भिंतभर नकाशा केला. वर मोठ्या साहेबांनी काढलेल्या खात्याच्या पुस्तिकेतली उद्दिष्टं, खाली चौकोनांत सिस्टिम, मध्ये बाण. ज्या चौकोनाला बाण नाही, तो बंद.

१९ जून
एकच बिनबाणाचा उरला. कंट्रोल रूममधला जुनाट कॉम्प्युटर. बंबाला पाणी घ्यायचे रस्त्यावरचे नळ कुठे आहेत, त्याची यादी. तिथल्या ऑपरेटरताई म्हणाल्या, अहो साहेब, आग विझवायला लागते ती. मी पुस्तिका पुढे केली. वेग आहे, पारदर्शकता आहे, नागरिकांचं समाधान आहे. आग विझवणं कुठे लिहिलंय, दाखवा!
बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की माणसाला गंज चढतो. त्यांना स्टेशनरी विभागात पाठवलं. कॉम्प्युटर भंगारात.

३० जून
घरीही अलाइनमेंट, म्हणजे सगळं एका रेषेत. फाटकापाशी एका लोखंडी झाकणावर गाडी अडखळायची. सिमेंट ओतून सपाट केलं. बायको म्हणत होती, कशाचं आहे ते आधी विचारा तरी. हिला आर्किटेक्चर कळत नाही.

८ जुलै, संध्याकाळ
प्रेझेंटेशन झकास. टाळ्या चालू असतानाच बायकोचा फोन. घराला आग. (सकाळी शर्टाची इस्त्री मी बंद केली होती. जवळजवळ नक्की.)
बंब पाच मिनिटांत हजर. वेगाचं उद्दिष्ट पूर्ण! मी घरी पोचेपर्यंत टाकीतलं पाणी संपलं. पुढचं कुठून घ्यायचं, कुणालाच ठाऊक नाही. शेवटी ताईंना फोन लावला. पत्ता ऐकताच म्हणाल्या, नळ तुमच्या फाटकालाच लागून आहे की साहेब, लोखंडी झाकणाखाली बघा.
बायको शेजारीच उभी होती. फोन स्पीकरवर होता.
पहार आणून सिमेंट फोडेपर्यंत छप्पर खाली आलं.

१० जुलै
मुक्काम सासुरवाडी. ताई परत कंट्रोल रूममध्ये. स्टेशनरी विभागात मी, तात्पुरता. बायकोने खात्याचा समाधान-फॉर्म भरला. बंबवाल्यांना पाचपैकी पाच. माझ्यासाठी वेगळा फॉर्म मागितलाय.
जेवताना सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, तुमच्या खात्याचं काम तरी काय असतं?
पुस्तिका आणायला उठलो. ती घरी होती.