पालथं पिंप

माहेरी, राहुरी

तीर्थरूप मामंजी,

नमस्कार लिहिण्याचं मन नाही.

आरोग्य केंद्राकडून तपासणीला आलेल्या आशाताईंनी आपल्या पिंपातल्या अळ्या दाखवल्या. "यांचे डास होतात, त्यांनीच डेंगी पसरतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप ओतून घासा."

तुम्ही हसलात. "नळाला आठ दिसांनी पानी येतं. आमच्या कर्जतला रोजच कोरडा दिवस हाय, बाई!"

मी ओतायला गेले, तर तुम्ही हातातली बादली हिसकावलीत.

पुढच्याच आठवड्यात तनू तापली. नाकातून रक्त आलं. नगरच्या दवाखान्यात माझी पोर गेली.

तिला घेऊन आलो, तेव्हा अंगण ओलं होतं. सुतक लागलं म्हणून घरातलं सगळं पाणी तुम्ही स्वतः ओतलं होतं. पिंप घासून पालथं घातलं होतं.

मेलेल्या नातीसाठी जे केलंत, ते जिवंत नातीसाठी का केलं नाहीत?

तुमची सून असं लिहवत नाही.

तनूची आई,
विजयमाला