रावसाहेबांच्या खुर्चीभोवती

सोमवार, ता. ८ एप्रिल १९४६
आज मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावले. वाटले, हजेरीपटात खाडाखोड सापडली. तसे नव्हते. रावसाहेबांना साठ पूर्ण होतात. त्यांनीच बांधून दिलेल्या नव्या सभागृहात सत्कार. स्तुतिकाव्य मी करायचे व मुलांकडून म्हणवून घ्यायचे.
"साळवे, तुम्ही नगरच्या मिशन शाळेतले. चर्चमध्ये गाता. रावसाहेब कमिटीचे चेअरमन. ते खूष झाले तर तुमची हंगामी नेमणूक कायम होईल."
कायम! मॅट्रिक नापास माणसाला. कायम झालो की आईला नगरच्या मिशन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून सोडवून इकडे आणायचे. तिची बोटे आता भाकरी थापताना वळत नाहीत.

बुधवार, ता. १०
नुसते काव्य कोणीही करील. काही वेगळे हवे. आज वर्गावर असतानाच आठवले. नगरला इंग्रजीच्या जुन्या मास्तरांनी ग्रीकांचे एक नाटक मराठीत बसवले होते. त्यात प्रवेश संपला की गाणाऱ्यांचा मेळा स्तवन म्हणे. पहिले कडवे म्हणत एका बाजूने फिरायचे. त्याच चालीचे दुसरे कडवे म्हणत उलट बाजूने परत यायचे. तिसरे उभे राहून. मी मेळ्यात होतो, मागच्या रांगेत. देवांची व राजांची स्तुती ते लोक अशी करीत.
तसेच करायचे. रावसाहेब मध्ये खुर्चीत, भोवती सात मुले. या गावात असे कोणी पाहिलेले नसेल.

शुक्रवार, ता. १२
साकी वृत्तात बसवले. सुरुवात अशी:
ज्ञानगृहाच्या दगडोदगडी नाम तुझे कोरियले
मात्रा पुन्हा मोजल्या, बरोबर आहेत. "कोरियले" जुनाट वाटते का? हेडमास्तर हसतील का? दुसऱ्या कडव्यात "कीर्ति" ऱ्हस्व घेतली आहे, वृत्तासाठी चालते. तरी कोणी चूक काढली तर... म्हणायच्या काव्याला खाली टीप देता येत नाही.

सोमवार, ता. १५
तालीम. "ज्ञानगृह"चे "ग्यानग्रु" करतात. फुटपट्टीने बोटांवर दिले. धाकटा रडला, त्याला आणखी एक. मग नीट म्हटले.

गुरुवार, ता. १८
रंगीत तालीम. हेडमास्तर स्वतः आले, रावसाहेबांच्या खुर्चीत बसले. पहिले कडवे संपेपर्यंत मान डोलवीत होते. दुसऱ्याला मुले उलट वळली तशी उठून खिडकीशी गेले. तिथूनच ऐकले. आवडले नाही की काय?
"हा उलटा फेरा कोणाची कल्पना?"
"माझी, सर. ग्रीकांची."
"या शाळेत सर्वस्वी तुमचीच ना?"
"हो, सर."
"मग कार्यक्रमपत्रिकेवर तसे छापू. रचना व मांडणी, श्री. साळवे."
माझे नाव छापून येणार. आईला एक प्रत.

रविवार, ता. २१, ईस्टर
नगरला गेलो नाही. आईने वाट पाहिली असेल. सत्कार आजच होता.

सगळे मोडले.
पहिले कडवे छान झाले. रावसाहेब फेटा सावरून बसले होते, मिशीत हसत होते. मुले उलट वळली व दुसरे कडवे सुरू झाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने रावसाहेबांच्या विधवा बहिणीची, अक्कांची, किंकाळी. "आरं थांबवा! जित्या मानसाभवती उलटं फिरत्यात! मडकं घिऊन मड्याभवती फिरत्यात तसं! माझ्या भावाला सरनावर बसवला रं!"
मुले थांबली. एक तेवढा गातच राहिला, माझ्या फुटपट्टीच्या भीतीने. सभागृह उठले. रावसाहेब खुर्चीतच, हार गळ्यात, तोंड पांढरे.
मला माहीत नव्हते. आमच्यात माती देतात, फेरे नसतात. यांच्या स्मशानात मी कधी गेलेलो नाही. देवळाची प्रदक्षिणा पाहिली आहे. पण तिच्या उलट फिरले की प्रेताची होते, हे कोणी सांगितले नाही...

सोमवार, ता. २२
हेडमास्तरांना विचारले. "सर, रंगीत तालमीला तुम्ही होतात. तुम्हांला ठाऊक होते."
"होते की. मला वाटले, मिशनची काही निराळी पद्धत असेल. दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला बोला?" चष्मा पुसत होते. "बरे, माझा भाचा येतो आहे. त्याला तुमचा वर्ग दाखवून ठेवा. उन्हाळ्यानंतर कोणीतरी लागेल."
खिडकीशी का उठून गेले ते आता कळले. स्वतः तेवढे फेऱ्याबाहेर राहिले.

बुधवार, ता. २४
रावसाहेबांनी त्यांच्या जिनवर, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यावर, बोलावले. भर दुपार. पटांगणात खुर्ची टाकून बसले होते, जिनवरचे गडी भोवती.
"तू बांधलंस, तूच सोडव. सुलटं फिर. सोताच्या तोंडानं गा. मी बास म्हनस्तोवर."
फिरलो. वहाणा काढायला लावल्या होत्या, जमीन तापलेली. कडवे संपले की पुन्हा पहिल्यापासून. रावसाहेब जेवले, पान खाल्ले.
एक गडी म्हणाला, "मास्तर, घान्याचा बैल बरा की वो. त्याला झापड तरी असती." सगळे हसले. रावसाहेबही हसले. हसताना पोट धरले व वाकले. बास म्हणायचे विसरले. मी फिरतच होतो.

रविवार, ता. २८
रावसाहेब अंथरुणावर. नगरचे डॉक्टर येऊन गेले. पोटात गाठ आहे, म्हणे वर्षापासून असावी. गावात हे कोणी ऐकून घेत नाही. दुकानदार मला सामान देताना हात लांब धरतो. मेळ्यातल्या सात जणांपैकी दोघांच्या आयांनी मुलांच्या गळ्यात ताईत बांधले.
हेडमास्तर भेटले. "आता एखादी विलापिका तयार ठेवा, साळवे. ग्रीकांत तीही असेलच. फेरा तेवढा आधी विचारून घ्या."

बुधवार, ता. १ मे
अक्कांचा हुकूम. रोज सकाळी येऊन खाटेभोवती सुलटे फिरायचे व पहिले कडवे म्हणायचे. दुसरे तोंडातून काढायचे नाही. अक्का दारात काठी घेऊन बसतात. माझा आवाज घोगरा झाला की म्हणतात, "मोठ्यानं. देवाला ऐकू जाऊ दे. तुज्या न्हवं, माज्या."
रावसाहेब डोळे मिटून पडलेले असतात. अंगाला वास येतो. "दगडोदगडी" आले की कण्हतात.

शनिवार, ता. ४
आज अक्का पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात रावसाहेबांनी माझे मनगट पकडले. नखे रुतली.
"मास्तर, दुसरं कडवं पाठ हाय न्हवं?"
"हो."
"सोमवारी अक्का डोंगरावरच्या देवीला जातीया. माज्या आवुक्शाचा नवस बोलाया. तवा ये. उलटा फिर."
मी मनगट सोडवू पाहिले.
"लई दुकतंय रं. आतून कुरतडतंय. डाक्टर म्हनतो अजून दोन-चार म्हैने. मला न्हाई काडायचे. तुज्या नेमनुकीवर सही करतो. कायम. कागुद आनून ठिवलाय, ह्यो बघ, उशाखाली." मग हसल्यासारखे केले. "न्हाई फिरलास तरी मी मरनारच. पर तवा हेडमास्तराच्या भाच्याच्या कागदावर सही करून मरंन."
अक्का आल्या. मी पहिले कडवे सुरू केले.

रविवार, ता. ५
प्रार्थनेत लक्ष लागले नाही. मी हे मानत नाही. फिरल्याने कोणी मरत नाही, फिरल्याने कोणी जगत नाही. मग फिरलो तर काय बिघडले? रावसाहेब मात्र मानतात. त्यांचा जीव त्याच भरवशावर सुटला तर? व अक्का? त्या परत येऊन विचारतील ते...
कायम झालो तर आई जूनमध्ये येऊ शकेल.

सोमवार, ता. ६
अक्का पहाटे बैलगाडीने निघाल्या. माझ्या खोलीशी गाडी थांबवली. आज काठी नव्हती.
"मास्तर, आज मी न्हाई घरी. सुलटाच फिर, लेकरा. चुकू नगंस. एवडा एकच भाऊ हाय मला." पहिल्यांदाच लेकरा म्हणाल्या. मी हो म्हणालो.
आता रावसाहेबांचा गडी बोलवायला आला आहे. दारात उभा आहे. "चला की, मास्तर. काय लिवत बसलाय? मालक सकाळधरनं तुमचंच नाव घिऊन वरडत्यात."
वारा तिकडूनच आहे. त्यांचे ओरडणे इथपर्यंत ऐकू येते.